अंडं जिवंत आहे का? उबवणीचे तुमचे अनुभव लिहा

गेल्या नोव्हेंबरात आमच्या बांधावर घोयऱ्याची मादी बीळ उकरताना दिसली. घोयरा म्हणजे तो रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा सरडा. गडी काठी घेऊन धावला, कारण घोयरा चावला की माणूस पाणी मागत नाही असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. तो अजिबात विषारी नसतो. गड्याला थांबवलं आणि आम्ही दोघं लांब बसून बघत राहिलो. अंडी घालून झाल्यावर तिनं मागच्या पायांनी माती आत लोटली, दाबून दाबून बसवली आणि बाभळीवर निघून गेली.

पंधरा दिवसांनी पाइपलाइनचा चर काढायला आलेला जेसीबी नेमका तिथूनच गेला. ढेकळांत २२ अंडी मिळाली, पांढरी, लांबट, चिंचोक्याएवढी. वनरक्षकांना फोन केला. घोयरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, त्याची अंडी परस्पर उचलून घरी आणता येत नाहीत. त्यांनी नोंद केली आणि त्यांच्या देखरेखीखाली तिथलीच ओलसर माती डब्यात भरून अंडी ठेवली. पुढे जुलैपर्यंत रोज सकाळी मनात एकच: यातली जिवंत किती?

म्हणून हा धागा. सरडा, साप, कासव, कुठलीही अंडी सांभाळली असतील तर लिहा. जगली ती लिहा, मेली ती जास्त सविस्तर लिहा.

न्यू जर्सीहून

आमच्याकडे व्हेल्ड कमेलिअनची, म्हणजे घोयऱ्याच्याच एका परदेशी भाऊबंदाची, जोडी आहे. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियातली, इथे ती पाळायला परवानगी आहे. मादीनं ओल्या वाळूच्या टोपल्यात ४१ अंडी घातली. मी ती वर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारे हलके खनिजाचे दाणे) अर्धी पुरून ठेवली. ओल किती असावी? मुठीत दाबलं की गोळा व्हायला हवा, बोटांतून पाणी निथळता कामा नये. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलनं ठिपका दिला, कारण एकदा बसवलेलं अंडं पुन्हा फिरवायचं नाही. डबा कपाटात, २६-२७ अंशांवर.

महिन्याभरानं अंधारात टॉर्च लावून बघितलं. सगळीकडे नुसता पिवळसर उजेड, आत काहीच नाही. मी सहा अंडी ‘वांझ’ म्हणून फेकून दिली. ती चूक आजही बोचते. या जातीत अंडं घालताना गर्भ अगदीच सुरुवातीच्या अवस्थेत असतो आणि पुढे काही आठवडे तसाच थांबून राहतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

चौथ्या महिन्यात पुन्हा बघितलं. अंडं न उचलता फोनचा दिवा बाजूनं टेकवला. कवच आतून गुलाबी उजळलं आणि त्यात केसाएवढ्या लाल रेघा फुटलेल्या. पिंपळाच्या वाळक्या पानाची जाळी असते ना, तशा. मी कितीतरी वेळ तिथेच बसून होते.

दोन अंड्यांवर हिरवी बुरशी आली होती. ती दोन्ही आधीच पिवळी पडून चपटी झालेली. निरोगी अंड्यावर सहसा बुरशी धरत नाही, पण मेलेल्यावरची शेजाऱ्याला लागते, म्हणून ती काढली. साडेसात महिन्यांनी एका सकाळी अंड्यांवर घामासारखे थेंब होते आणि अंडी किंचित आकसलेली. मी घाबरले. दुसऱ्या दिवशी पहिलं नाक बाहेर आलं.

आणखी एक. मादी नराशिवायही अंडी घालते. पुढच्या वर्षी ती एकटी असताना ३० घातली, सगळी काही आठवड्यांत पिवळी पडून सुरकुतली. म्हणून नर-मादी एकत्र आले होते का, हे आधी आठवा.

सर्पमित्र, सांगली

पाया खणताना धामणीची ११ अंडी निघाली. सापाची अंडी एकमेकांना चिकटलेली असतात, ती सुटी करायला जाऊ नका, कवच फाटतं. पूर्ण घड जसाच्या तसा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) ठेवला, वनखात्याला कळवलं. दहाव्या दिवशी चार अंड्यांना खळगे पडले. मेली असं वाटलं, पण कोकोपीट हाताला कोरडं लागत होतं. अंड्यांवर नाही, कडेकडेनं पाणी सोडलं. दोन दिवसांत तीन अंडी परत टुमटुमीत! चौथ्याला कुजका वास सुटला, ते सोडून दिलं. माझा विश्वास टॉर्चपेक्षा नाकावर जास्त आहे. ५८ व्या दिवशी पिल्लं कवचाला चीर पाडून नुसतं डोकं बाहेर काढून बसली होती. ओढून काढायची नसतात, बलक संपेपर्यंत बसू द्या.

कासवमित्र, रत्नागिरी किनारा

वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आम्ही त्यांचंच बघून शिकलो. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ताजं अंडं मऊ असतं, त्याला खळगा असला तरी काळजी नाही. पुढे वरच्या बाजूला खडूसारखा पांढरा ठिपका उमटतो आणि पसरत जातो, तेच जिवंतपणाचं लक्षण.

एका वर्षी घरटं उशिरा सापडलं, ठिपके आधीच उमटलेले. कोल्ह्यांच्या भीतीनं घाईघाईत बादलीत भरलं आणि दुचाकीवरून खडबडीत वाटेनं नेलं. ११२ पैकी १९ पिल्लं आली. गर्भ वरच्या पडद्याला चिकटल्यावर अंडं हिंदकळलं की तो जगणं अवघड होतं. आता शक्यतो रात्रीच गस्त घालतो, ताजी अंडी काही तासांत हॅचरीतल्या, म्हणजे उबवणीसाठी राखलेल्या जागेतल्या, खड्ड्यात जातात.

पुणे

माझा अनुभव छोटा. फोटोफ्रेममागे पालीची दोन अंडी होती. पालीच्या अंड्याचं कवच टणक असतं, ओल्या मातीची गरज नाही. दिवा धरला तर गुलाबी दिसली. आईला दाखवली, तेव्हापासून ती फ्रेम पुसताना मागे बघते.

पुन्हा बांधावरून

न्यू जर्सीच्या ताई, ते घामाचे थेंब आम्हीही पाहिले, पण पाणी जास्त झालं समजून डबा उघडा ठेवला होता. २२ पैकी १४ पिल्लं निघाली, वनरक्षकांनी त्याच बाभळीवर सोडली. राहिलेली आठ त्यांच्यासमोर उघडली. पाचांत नुसता घट्ट पिवळा बलक. तिघांत पूर्ण वाढलेली पिल्लं, शेपटी गुंडाळलेली, कवच सुकून कडक झालेलं.

परवा मादी पुन्हा बांधावर उतरली. या वेळी चर दुसरीकडून न्यायला सांगितलाय, आणि गड्यानं आपणहून भोवती काट्या रोवल्या आहेत.