व्हिएतनामला रुपये न्यावे की डॉलर?
भाऊ, दर्यापुरातून आईबाबांना व्हिएतनामला पाठवताय आणि सगळी रोकड रुपयांतच द्यावी म्हणता, तसं नका करू. तिकडे रुपयाला भाव पडून मिळतो. अमरावतीहून नाहीतर नागपुरातून डॉलर घ्या, कोऱ्या नोटाच मागा. फाटकी, शाई लागलेली नोट तिकडे घ्यायला कुरकुर करतात. तिथलं चलन डॉंग, ते तिथंच बदलून घ्या. अन् हे आईला नक्की सांगा: २०,००० ची आणि ५,००,००० ची, दोन्ही नोटा निळ्या, दोन्ही प्लास्टिकच्या. रात्री टॅक्सीवाल्याला पैसे देताना सहज गफलत होते. मोठ्या नोटा बटव्याच्या वेगळ्या कप्प्यात ठेवू द्या, शून्यं मोजूनच हातातून सोडायची. कार्ड लावल्यावर मशीननं रुपये की डॉंग विचारलं, तर डॉंगच दाबायचं. रुपयांत दर महाग लावतात. उरलेले डॉंग तिकडंच संपवा, आपल्या भागात ते कोणी घेत नाही.