बॅडमिंटन: उडी मारून उतरताना गुडघा आत जातो (वय १२ ते १४)

प्रश्न
मागच्या बॅकहँड कोपऱ्यात डोक्यावरून फटका मारला की काही मुलं-मुली एका पायावर उतरतात आणि गुडघा आत झुकतो. वजनं सुरू करावीत का? कोर्टचा वेळ फारसा कमी करता येणार नाही.

प्रतिसाद १
नुसती ताकद वाढवून हे सुटत नाही. पाय टेकायच्या आधीच कुल्ल्याचे आणि मांडीमागचे स्नायू आवळले जायला हवेत. उशीर झाला की मजबूत पायाचाही गुडघा आत जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा त्या कोपऱ्यात डावा पाय भार घेतो, आणि बॅडमिंटनमध्ये एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) फाटतो तो अनेकदा अशाच उतरण्यात. दुर्लक्ष करू नका.

वॉर्मअपमधलीच १५ मिनिटं घ्या, आठवड्यातून तीनदा. आधी दोन पायांवर उडी, उतरून ३ सेकंद स्तब्ध, ६ च्या दोन फेऱ्या. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. दोन-तीन आठवड्यांनी २० सेंमी उंचीवरून उतरणं, मग एक पाय, सगळ्यात शेवटी हवेत पाव वळण. जोडीला एका पायावरचा ब्रिज (पाठीवर झोपून, एक पाय टेकवून कंबर उचलणं), प्रत्येक बाजूला ८. सूचना एकच द्या: "आवाज न करता उतर." समोरून मोबाइलवर चित्रण करून लगेच दाखवा, मुलं पटकन सुधारतात.

डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळणं दिसतं छान, पण तेवढ्याने उतरणं सुधारत नाही.

प्रतिसाद २
लंजही (शटलपर्यंत पोहोचायला टाकलेलं लांब पाऊल) तपासा. टाच आधी टेकावी, पाऊल आणि गुडघा एकाच दिशेला. नेटजवळ घाईत पाऊल आत वळलं की गुडघ्याला पीळ बसतो. मागचा पाय थोडा घसरत पुढे येऊ द्या, वेग तिथेच मोडतो.

प्रश्नकर्ता
एकूण उड्या किती? आणि दोघांना गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतं.

प्रतिसाद १
सुरुवातीला एका दिवसात ५०-६० उतरणी पुरेत, त्याही सराव संपल्यावर नकोत. थकलेला पाय चुकीचंच वळण गिरवतो. वाटीखालचं दुखणं या वयात बहुधा उंची झपाट्याने वाढताना येतं, मांडीचा स्नायू तिथल्या कोवळ्या हाडाला ओढत राहतो. त्या दोघांच्या उड्या आणि खोल लंज थांबवा, ब्रिज चालू ठेवा. सूज आली किंवा लंगडायला लागले तर डॉक्टरांना दाखवा. सगळ्यांची उंची दर महिन्याला मोजा, वाढ वेगात दिसली की उड्या आधीच कमी करता येतात.