‘वर्कर’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा
ब्रिटनमधील रोजगारविषयक कायद्यावरचा एक मजकूर मराठीत आणताना ‘एम्प्लॉयी’ आणि ‘वर्कर’ हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात, परंतु वेगवेगळ्या अर्थांनी आले आहेत. त्यांसाठी अनुक्रमे ‘कर्मचारी’ आणि ‘कामगार’ असे लिहिल्यास वाचकाच्या डोळ्यांपुढे कचेरीत बसणारा एक आणि कारखान्यात राबणारा दुसरा उभा राहील, अशी भीती वाटते. जाणकारांनी कृपया योग्य शब्द सुचवावेत.

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. ब्रिटनच्या १९९६च्या रोजगार हक्क कायद्यातील कलम २३० मध्ये हा भेद कामाच्या स्वरूपावरून केलेला नाही. जो सेवाकराराने बांधलेला असतो तो ‘एम्प्लॉयी’; आणि ज्याने ते काम जातीने करण्याचे कबूल केले आहे, पण ज्याच्याकडून काम घेणारा त्याच्या स्वतःच्या धंद्याचा गिऱ्हाईक ठरत नाही, तोही ‘वर्कर’ या व्याख्येत येतो. म्हणजे प्रत्येक एम्प्लॉयी वर्कर असतो, मात्र प्रत्येक वर्कर एम्प्लॉयी नसतो. या मधल्या वर्गाला किमान वेतन आणि वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. अन्यायाने कामावरून काढल्याची दाद किंवा कामकपातीची भरपाई मात्र त्याला मागता येत नाही. त्याच्याही पलीकडे उरतो तो स्वयंरोजगारी, ज्याला यांपैकी काहीच मिळत नाही. हक्कांची ही उतरंड दाखवायची असेल, तर ‘कर्मचारी’, ‘श्रमकरारी’ आणि ‘स्वयंरोजगारी’ अशी त्रयी मी सुचवीन. ‘श्रमकरारी’ हा घडवलेला शब्द आहे हे मान्य, तथापि ‘कामगार’ या शब्दाला चिकटलेले कारखान्याचे चित्र तो सोबत आणत नाही.

प्रतिसाद २
‘कंत्राटी कामगार’ हा रुळलेला शब्द असताना नवा कशाला?

प्रतिसाद १ (पुढे)
कारण ‘कंत्राटी कामगार’ म्हटले की मध्ये एक कंत्राटदार गृहीत धरला जातो, आणि ब्रिटनमधील वादाचा सगळा जीव तर असा कोणी मध्ये आहे की नाही यातच आहे. उबरचे म्हणणे असे होते की आपण केवळ चालकांचे आरक्षण-प्रतिनिधी आहोत आणि प्रवासाचा करार चालक व प्रवासी यांच्यात होतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ते एकमताने नाकारले. भाडे कंपनी ठरवते, अटी कंपनी लिहिते, फेऱ्या वारंवार नाकारणाऱ्याला ॲपबाहेर काढून ठेवते, प्रवाशांनी दिलेल्या गुणांवरून चालकाला जोखते आणि प्रवासी व चालक यांचा परस्परसंबंध त्या एका फेरीपुरताच राहील असे पाहते. अशा स्थितीत कागदावर काय लिहिले आहे याला न्यायालयाने गौण मानले आणि चालकांना ‘वर्कर’ ठरवले. शिवाय परवान्याच्या हद्दीत ॲप सुरू ठेवून फेरी स्वीकारण्यास तयार असलेला वेळही कामाचाच धरला. कराराचा मसुदा करणारा पक्षच आपले दायित्व शब्दांनी टाळू शकला, तर कायद्याचे संरक्षण पोकळ ठरेल, ही त्यामागची भूमिका मला फार मोलाची वाटते.

प्रतिसाद ३
वरील विवेचनाला एक पुरवणी जोडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने डिलिव्हरूच्या घरपोच खाद्य पोहोचवणाऱ्यांच्या बाबतीत निराळा निर्णय दिला. तेथे प्रश्न त्यांच्या संघटनेला सामूहिक वाटाघाटीचा हक्क आहे का, असा होता. आपल्याऐवजी दुसऱ्या कोणालाही कामावर पाठवण्याची त्यांना जवळपास मोकळीक होती आणि ती नुसती कागदी नव्हती, म्हणून हा रोजगारसंबंध नव्हे, असे ठरले. ‘जातीने’ हा क्रियाविशेषणवजा शब्द भाषांतरात गाळला, तर या निकालाचा अर्थच लागणार नाही.

‘झिरो अवर्स’ करारासाठी काही जण ‘बदली’ हा गिरणीतला शब्द वापरतात, तोही येथे टाळावा असे माझे मत आहे. बदली कामगार कोणा गैरहजर माणसाच्या जागी लागत असे. येथे जागा कोणाचीच नसते, किमान तासांची हमी नसलेला करार तेवढा असतो. ‘बिनहमी तासांचा करार’ हे लांबट असले तरी नेमके आहे. अशा करारात दुसरीकडे काम करू नये अशी अट घालण्यास तेथे २०१५ पासून मनाई आहे, हेही तळटिपेत द्यावे.

विचारणा (पुढे)
‘श्रमकरारी’ स्वीकारतो. मजकुरात पुढे ब्रिटनमधील कामाच्या पद्धतींचा आढावा घेणाऱ्या २०१७ च्या टेलर अहवालातील ‘डिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’ हे नाव येते, त्याचे काय करावे?

प्रतिसाद १ (पुढे)
त्या अहवालाने याच मधल्या वर्गाला ते नवे नाव सुचवले होते; ते कायद्यात उतरले नाही. ‘परावलंबी कंत्राटदार’ यात उगीच कीव येते आणि ‘कंत्राटदार’ म्हटले की माणसे कामाला लावणारा आठवतो. ‘अवलंबी करारदार’ लिहावे, आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘श्रमकरारीसाठी सुचवलेले पर्यायी नाव’ एवढा खुलासा जोडावा.