शॉक लागलेल्या माणसाचे आचके चालू असताना छाती दाबावी की नाही?

धुऱ्यावरचा
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात शेती करतो. गेल्या महिन्यात रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेले आमच्या शेजारचे काका विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरला हात लावताच कोसळले. मी दोन वावरे सोडून होतो. ओरडा ऐकून धावत पोहोचलो तोवर त्यांच्या मुलाने वाळलेल्या बांबूने त्यांचा हात पेटीपासून दूर केला होता. टॉर्चच्या उजेडात पाहिले तेव्हा डोळे अर्धवट उघडे होते आणि हाकेला प्रतिसाद नव्हता. मात्र दर आठ-दहा सेकंदांनी त्यांचा जबडा खाली ओढला जाई, घशातून घोरल्यासारखा आवाज येई आणि पुन्हा सगळे शांत होई. "जीव हाये अजून, श्वास चालू हाये," असे जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणाले आणि त्या एका वाक्यावर आम्ही सगळे थांबलो. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तळपाय चोळले, एकाने तोंडात पाणी ओतले. पांदण चिखलाची असल्याने गाडी आत येईना, म्हणून खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेले आणि तिथून बावीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात पोहोचलो. तोवर सगळे संपले होते.

कॉलेजात असताना मी सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याचे, प्रात्यक्षिक पाहिले होते. त्या रात्री माझे हात पुढे झाले होते, ते मी मागे घेतले. श्वास चालू असलेल्या माणसाची छाती दाबली तर चालू असलेले हृदय बंद पडते का? बरगडी मोडली तर काय करायचे? आणि दवाखाना इतका दूर असताना तेवढा वेळ दाबत राहण्यात काही अर्थ असतो का? कृपया ज्यांना माहिती आहे त्यांनीच उत्तर द्यावे.

निवृत्त परिचारिका
भाऊ, तुम्ही जे वर्णन केले आहे तो श्वास नव्हे, ते आचके होत. हृदय थांबल्यावरही मेंदूच्या तळाकडचा भाग काही मिनिटे असे तुटक झटके देत राहतो. त्यातून फुप्फुसात कामाची हवा जात नाही आणि रक्त तर मुळीच फिरत नाही. पाहणाऱ्याला मात्र माणूस जिवंत असल्याचा भास होतो. नोकरीच्या काळात नातेवाइकांच्या तोंडून "आत्ता गाडीत श्वास घेत होते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की तुमची चूक ही तुमच्या एकट्याची नाही, हे आधी सांगते.

म्हणून कसोटी सोपी ठेवावी. खांदे हलवून मोठ्याने हाक मारायची आणि छाती-पोटाकडे पाहायचे. या पाहण्यात दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही. प्रतिसाद नसेल आणि आपण तुम्ही घेतो तसा संथ, नियमित श्वास नसेल, तर हृदय थांबले आहे असे धरून चालायचे. नाडी शोधत बसू नये, कारण घाबरलेल्या बोटांना स्वतःचीच नाडी लागते. समजा अंदाज चुकला आणि हृदय चालू निघाले, तरी दोन-चार दाबांनी ते बंद पडत नाही. माणूस कण्हतो, हात ढकलतो, आणि आपण थांबतो. बरगडी मोडते, विशेषतः वयस्कर माणसाची, आणि ती मोडल्याचा कटकन आवाजही येतो. तरीही दाबणे चालू ठेवायचे असते. मोडलेली बरगडी जुळून येते.

माणूस कडक जमिनीवर उताणा हवा. खाटेवर दाबले तर सुंभच खाली जाते, छाती दबत नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटालगतचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि हाताच्या जोराने नव्हे तर कमरेपासून वाकून अंगाच्या वजनाने दाबायचे. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, सहाच्या पुढे नको. गती मिनिटाला 100 ते 120, म्हणजे तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदयात रक्त भरते ते तेव्हाच. नवखी माणसे घाईत नेमके हेच विसरतात. शिकलेला असेल त्याने तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. ज्याला ते जमत नाही किंवा नको वाटते त्याने नुसते दाबत राहावे.

विजेच्या धक्क्याने बहुधा हृदय सरळ थांबत नाही, ते नुसते थरथरत राहते आणि रक्त ढकलणे बंद होते. ती थरथर मोडायला यंत्राचा झटका लागतो. छाती दाबणे म्हणजे तो झटका मिळेपर्यंत मेंदूला थोडेफार रक्त पुरवत राहणे. रक्त न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, त्यामुळे गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ सर्वांत महाग असतो. काका वाचलेच असते असे कुणीही म्हणू नये. आचके दिसणे म्हणजे थांबायची नव्हे, सुरू करायची खूण, एवढे मात्र लक्षात ठेवा. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीही ओतू नका. ते सरळ श्वासनलिकेत जाते.

थ्री फेज
सिस्टरांनी छातीचे सांगितले, मी मोटरींची कामे करतो म्हणून पेटीचे सांगतो. आपल्याकडे बहुतेक स्टार्टरना ऑटो बसवलेले असते, म्हणजे गेलेली वीज परत आली की मोटर आपोआप सुरू होते. एखादा माणूस पडला आणि त्याच वेळी लाइट गेली, तर "आता वीज नाही" असे समजून त्याला धरणारा दुसरा माणूसही चिकटतो. लाइट गेलेली असली तरी आधी मेन स्विच पाडा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. स्टार्टरचे लाल बटण दाबल्याने मोटर बंद होते, पण पेटीत येणाऱ्या तारेत वीज असतेच. मुलाने वाळलेला बांबू वापरला ते बरोबर केले. ओला बांबू, पऱ्हाटीची हिरवी काडी किंवा लोखंडी गज चालत नाही. मोठ्या लाइनची तार तुटून पडली असेल तर बांबू घेऊनसुद्धा जवळ जाऊ नये, वीज कंपनीला फोन करून ती बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांब उभे राहावे.

मास्तर
कायद्याची भीती अनेकांना मागे ओढते, म्हणून लिहितो. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम आले. त्यामुळे निर्धास्त राहावे.

वकिली नाही, वाचन
मास्तर, एक दुरुस्ती. ते कलम रस्त्यावरील मोटार अपघातात मदत करणाऱ्यांसाठी आहे, विहिरीवरच्या शॉकसाठी नव्हे. तरीही भारतीय न्याय संहितेत कुणाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला स्वतंत्र संरक्षण आहे, त्यामुळे निष्कर्ष फारसा बदलत नाही. आमच्या गावात मात्र पोलिसांपेक्षा "तुझ्या हातून गेला" या बोलण्याची भीती मोठी असते, आणि त्यावर कुठल्याही कायद्यात कलम नाही.

धुऱ्यावरचा
सिस्टर, आणखी एक विचारतो. 2017 साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, काही दगावले. अशा माणसाचा श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्यावा का? शेततळ्यात बुडालेल्यालाही हीच रीत लागू होते का?

निवृत्त परिचारिका
फवारणीच्या विषात तोंडाला तोंड लावू नये, कारण त्याच्या ओठांवरचे आणि ओकारीतले औषध देणाऱ्याच्या अंगात जाते. हातात प्लास्टिकची पिशवी घालून त्याचे कपडे काढावेत, अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे, आणि श्वास थांबलाच असेल तर धुण्यासाठी न थांबता छाती दाबावी. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. औषधाचा डबा सोबत न्यावा. डॉक्टरांना विषाचे नाव त्यावरूनच कळते.

बुडालेल्याची गोष्ट उलट आहे. तिथे हृदय थांबते ते हवा न मिळाल्याने, म्हणून आधी दोन श्वास द्यायचे आणि मग तीस दाब, आणि शक्य असेल तोवर श्वास टाळायचे नाहीत. पोट दाबून किंवा पालथे टांगून पाणी काढण्यात वेळ जातो आणि पोटातले अन्न घशात येते. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद घसरडा असतो, तेव्हा काढणाऱ्याने उडी मारण्याआधी दोर टाकावा. पावसाळ्यात वीज अंगावर पडली तर माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. हे सांगितले नाही तर लोक दुरून बघत राहतात.

तुमचा बावीस किलोमीटरचा प्रश्न राहिलाच. 108 ला फोन एकाने करायचा, स्पीकर चालू ठेवायचा, आणि दाबणाऱ्याने थांबायचे नाही. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेल्या हाताचे दाब उथळ होतात आणि थकणाऱ्याला ते कळत नाही. धावत्या गाडीत नीट दाबता येत नाही, म्हणून रुग्णवाहिका येत असेल तर जागेवर दाबत राहणे अधिक चांगले.

धुऱ्यावरचा
सर्वांचे आभार. काल घरात कापसाने भरलेल्या पोत्यावर दाबून पाहिले. दुसऱ्या मिनिटाच्या आतच खांदे भरून आले आणि मोजणी चुकू लागली. काकांचा मुलगा दारात उभा राहून बघत होता. काही न बोलता तो आत आला, माझ्या समोर गुडघ्यावर बसला, आणि माझे तीस पूर्ण होताच त्याने पुढचे तीस मोजायला सुरुवात केली.