मदत हवी आहे: हृदयाच्या सीटीत किरणांचा डोस कमी करायचा आहे, पण रुग्णाचे ठोके खाली येत नाहीत

नमस्कार. मी बेळगावातील एका खासगी केंद्रात सीटी तंत्रज्ञ आहे. आमच्या चौसष्ट स्लाइसच्या यंत्रावर हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी होते. जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा बहुतेक रुग्णांचा डीएलपी, म्हणजे संपूर्ण स्कॅनमधील किरणांच्या एकूण डोसाचा आकडा, ७०० मिलिग्रे-सेंटीमीटरच्या आसपास निघाला. छातीसाठीच्या ०.०१४ या गुणकाने गुणल्यास तो सुमारे १० मिलिसिव्हर्ट होतो, म्हणजे निसर्गातून माणसाला सरासरी चार वर्षांत मिळतो तेवढा. 'प्रोटेक्शन' या बहुदेशीय पाहणीत २००७ मध्ये डीएलपीचा मध्यक ८८५ होता आणि २०१७ मध्ये तो १९५ वर आला; आमचा आकडा अजून जुन्याच काळात अडकलेला आहे.

सडपातळ रुग्णांसाठी मी व्होल्टेज १२० वरून १०० किलोव्होल्टवर आणले, तर चित्र दाणेदार दिसते म्हणून आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी ते परत पाठवले. पूर्ण ठोकाभर किरण चालू ठेवण्याऐवजी ईसीजी पाहून ठरावीक क्षणीच ते सोडणारी प्रॉस्पेक्टिव्ह पद्धत वापरावी, तर ठोके साधारण ६५ च्या खाली आणि नियमित लागतात. इथेच खरी अडचण आहे. आमच्याकडे निपाणी भागातून येणाऱ्या रुग्णांत तंबाखूच्या वखारीत आयुष्य घालवलेल्या, दम्याचा त्रास असलेल्या बायका पुष्कळ असतात, आणि त्यांना ठोके मंदावणारे पण दमा वाढवू शकणारे मेटोप्रोलोल देण्यास डॉक्टर स्वाभाविकच कचरतात. पहाटेची एसटी धरून, वाटेत दोनदा चहा घेऊन आलेल्या बाईंचे ठोके टेबलावर ८५ असतात. अशा वेळी नाइलाजाने पूर्ण ठोकाभराचे स्कॅन करावे लागते. डोस आणि चित्र या दोहोंचा मेळ कसा घालावा?

उत्तर:
आपण फक्त दाण्यांकडेच पाहत आहात असे वाटते. १०० किलोव्होल्टवर, बाकी सारे तसेच ठेवल्यास, डोस सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो आणि दाणे वीसेक टक्क्यांनी वाढतात. पण कमी ऊर्जेचे किरण टोचलेल्या कॉन्ट्रास्टमधील आयोडीन अधिक शोषते, त्यामुळे धमनीही जवळपास त्याच प्रमाणात अधिक उजळते. डॉक्टरांना जुन्याच विंडोवर (पडद्यावरील उजेड-अंधाराच्या मर्यादेवर) चित्र दाखवू नका, विंडो थोडी रुंद करून दाखवा. यंत्रात इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (दाणे कमी करणारी चित्र-गणनेची पद्धत) असेल तर ते मध्यम पातळीवर ठेवा. फार वर नेल्यास चित्र मेणासारखे गुळगुळीत होते आणि धमनीच्या कडा हरवतात.

ठोके ७५ च्या वर पण नियमित असतील, तर डायस्टोलच्या (हृदय सैलावण्याच्या काळाच्या) मागे न लागता सिस्टोलच्या (आकुंचनाच्या) अखेरीस, म्हणजे दोन ठोक्यांमधील काळाच्या ३५ ते ४५ टक्क्यांदरम्यान, प्रॉस्पेक्टिव्ह स्कॅन करून पाहा. ठोके अनियमित असल्यामुळे पूर्ण ठोकाभराचे स्कॅन करावेच लागले, तर ईसीजीनुसार करंट कमी करण्याची सोय बंद ठेवू नका. दम्याच्या रुग्णासाठी आयव्हाब्रॅडिन या ठोके मंदावणाऱ्या दुसऱ्या औषधाचा पर्याय डॉक्टरांसमोर मांडता येईल. निर्णय अर्थात त्यांचाच. स्कॅनची लांबी कॅल्शियम स्कोअरच्या (धमन्यांतील कॅल्शियम मोजण्यासाठी आधी घेतलेल्या) चित्रावरून ठरवा, कारण प्रत्येक जादा सेंटीमीटर डोसात मोजला जातो.

आणखी एक विचारतो: श्वास रोखण्याची सूचना आपले यंत्र कोणत्या भाषेत देते?

धागाकर्ता:
आभारी आहे. सूचना इंग्रजी आणि कन्नडमध्ये आहे. खानापूरच्या मराठी आजींना 'दम धरा' म्हटले तरच उमजते, हे ठाऊक असूनही मी कधी ते ध्वनिमुद्रित केले नाही. श्वास सुटल्यामुळे पुन्हा केलेली स्कॅन मी वेगळी मोजली नव्हती. तशा रुग्णांचा डोस तर दुप्पट झालेला आहे. सोमवारी मराठी सूचना यंत्रात भरतो, टेबलावर घेण्यापूर्वी दोनदा सराव करून घेतो आणि सिस्टोलमधील पहिल्या काही रुग्णांचे डीएलपी इथेच नोंदवतो.