जुन्या चर्चची दुरुस्ती आणि रॅम्प : पैसा कुठून उभा करायचा, आधी काय करायचं? (चर्चेतली नावं ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

उत्तरवसई : आमच्या धर्मग्रामाचं चर्च पोर्तुगीज काळात स्थापन झालेलं, आताची इमारत नंतरची. दगड-चुन्याच्या भिंती, लाकडी कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे), मंगलोरी कौलं. भिंतींना आतून पुरुषभर ओल चढते, बाहेरून कधीतरी सिमेंटचा गिलावा झालाय. मुख्य दाराला पाच पायऱ्या, बाजूच्या दाराला तीन, प्रत्येक सहा इंचांची. व्हीलचेअरवरचे भाविक मिस्सेला (प्रार्थनाविधीला) बाहेरच थांबतात. कंत्राटदाराने सगळ्याचा एकरकमी आकडा दिलाय. सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी), परदेशातले नातेवाईक, फेस्ताची (चर्चच्या सणाची) वर्गणी यांपैकी कशावर भिस्त ठेवावी?

चुनाभट्टी : एकरकमी आकड्यावर वर्गणी काढू नका. आधी वारसा इमारतींचं काम केलेल्या वास्तुविशारदाकडून बाबनिहाय अंदाजपत्रक घ्या : कौलं आणि गिलावा चौरस मीटरवर, लाकूड घनमीटरवर, जीएसटी वेगळा. वर 15 टक्के राखीव धरा, कारण कैचीचं भिंतीत गाडलेलं टोक कुजलंय की नाही हे कौलं उतरवल्यावरच कळतं. वरून धड दिसणाऱ्या तुळईत त्या टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर सहज आत गेला, तर तेवढा भाग कापून जुन्याच जातीच्या लाकडाचा सांधा द्यायचा. पूर्ण तुळई बदलायची गरज क्वचितच पडते, आणि अंदाजपत्रक फुगतं ते नेमकं तिथे.

क्रम छप्पर, पन्हळी, मग भिंती. सिमेंटमुळे ओल बाहेर पडत नाही, म्हणून ती आतून वर चढते. पावसाळा सरला की सिमेंट खरवडा, भिंत दोन-तीन महिने उघडी वाळू द्या, मग चुना-सुरखीचा (चुना आणि विटांच्या भुकटीचा) गिलावा. तो आठवडाभर तरी ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. एप्रिलच्या उन्हात घाईने केला तर तडकतो, मे अखेरीस केला तर पुरेसा कडक होण्याआधीच पावसात धुपतो. ‘वॉटरप्रूफ’ रंग कोणी फुकट दिला तरी नको.

वसई किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 300 मीटरच्या आत असाल (पहिले 100 प्रतिबंधित, पुढचे 200 नियंत्रित), तर राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या. दुरुस्तीलाही लागते.

जमाखर्च : सीएसआरबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंचा जीर्णोद्धार बसतो, हे खरं. पण पैसे घेणाऱ्या ट्रस्टकडे 12ए (ट्रस्टला करमाफी), 80जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-1 (सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची) नोंदणी लागते. खर्च मुख्यतः धार्मिक कामावर असेल तर 80जी मिळत नाही (धार्मिक खर्चाची मर्यादा 5 टक्के), म्हणजे चर्चचा ट्रस्ट इथेच अडतो. वाट अशी : वारसा जतनाचं काम करणारा, तीन वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत ट्रस्ट शोधा आणि कंपनी, तो ट्रस्ट व तुम्ही असा त्रिपक्षीय करार करा. अर्जात स्थापनेचं साल आणि आताच्या इमारतीचं साल वेगवेगळं लिहा. चारशे वर्षांचा दावा करून शंभर वर्षांची भिंत दाखवली की फाइल परत येते. कोनशिलेचा फोटो, धर्मप्रांताच्या (बिशपांच्या) दप्तरातले उतारे जोडा. तरीही प्रार्थनास्थळ म्हटलं की बऱ्याच कंपन्या मागे सरतात, त्यामुळे सीएसआर बोनस समजा, पाया नको.

नातेवाइकांचं म्हणाल तर पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्टवर आखातात असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. कॅनडा-ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) असलं तरी. तिला एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं हवं. एकाच खात्यात दोन्ही आले की गोंधळ.

समतल : रॅम्पचं गणित सोपं आहे. चढ 1:12 (एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी) पेक्षा तीव्र नको. मुख्य दाराची उंची 750 मिमी, म्हणजे 9 मीटर रॅम्प, वर-खाली दीड-दीड मीटरचे सपाट चौथरे धरून 12. बाजूच्या दाराला 450 मिमी, म्हणजे 5.4 अधिक 3, एकूण 8.4 मीटर. बाजूचं दार घ्या, पण तेच सगळ्यांचं रोजचं दार करा. सणापुरतं कुलूप काढायचं असेल तर रॅम्प बांधून उपयोग नाही. रॅम्पची रुंदी 1200 मिमी, दोन्ही बाजूंना 760 आणि 900 मिमीवर कठडे, दाराची मोकळी रुंदी 900 मिमी.

रॅम्पचं काँक्रीट भिंतीला चिकटवून ओतू नका. नाहीतर वर चुनाभट्टींनी सांगितलेली ओल तिथेच कोंडते. 100 मिमी फट सोडून तळाशी खडी आणि निचरा, किंवा सुटा पोलादी रॅम्प. आत सगळ्यात मागे कोपरा देण्यापेक्षा मधल्या दोन बाकांची टोकं आखूड करा, 900 बाय 1200 मिमी जागा निघते, आणि माणूस घरच्यांशेजारी बसतो.

अपंग हक्क कायदा 2016 मधल्या सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक वापराच्या इमारतीही येतात. ‘ऐच्छिक आहे’ म्हणणाऱ्यांना सांगा.

उत्तरवसई : आभार. मग छपराला बँकेचं कर्ज आणि रॅम्पला वर्गणी, असं केलं तर?

जमाखर्च : कर्जाला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 36अ. धर्मप्रांताचीही संमती आधी. या मंजुऱ्यांत एक कोरडा हंगाम गेला तर खर्च वाढेल. त्यापेक्षा वाटणी अशी करा : रॅम्प लहान आणि दिसणारा, त्याला एखादं कुटुंबही पुढे येतं. छपरासाठी वर्गणी दोन हंगामांत विभागा, आणि कंत्राटदाराचे 5 टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा.