व्हिला भाड्यानं घेताना सुरक्षा कशी जोखायची: फाटकावरून की झोपायच्या खोलीवरून? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कडीकोयंडा

डिसेंबर जवळ आला की अमेरिकेतली आपली मंडळी दोन-तीन कुटुंबं मिळून कॅरिबियनमध्ये व्हिला शोधायला लागतात. आजी-आजोबा, मुलं धरून दहा-बारा डोकी. हॉटेलपेक्षा पाच बेडरूमचा व्हिला परवडतो. ‘सेफ आहे ना?’ असं विचारलं की एजंटाचं उत्तर ठरलेलं: गेटेड आहे, चोवीस तास गार्ड आहे. एवढ्यावर पैसे भरू नयेत असं माझं ठाम मत आहे. सुरक्षा अंथरुणापासून बाहेर मोजत जावी.

सेंट मार्टिनचं उदाहरण घेऊ. बेटाचा उत्तर भाग फ्रेंच, दक्षिण भाग डच. फ्रेंच बाजूच्या पश्चिम टोकाला तेर बास हा मोठ्या व्हिलांचा भाग आहे. रस्त्यावर चौकी आहे, गार्ड आहे. पण बे लाँग, बे रूज, प्लम बे हे तिथले किनारे सार्वजनिक आहेत. समुद्रालगतच्या व्हिलाचं खरं तोंड वाळूकडे असतं, आणि तिकडे बहुतेक वेळा कमरेएवढी भिंत, झुडपं आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या एवढंच असतं. चौकी रस्ता राखते. किनाऱ्यानं चालत येणाऱ्याला ती वाटेत लागतच नाही.

शिवाय या घरांची रचनाच उघडी. दिवाणखान्याला चौथी भिंत नसते, बेडरूम पूलभोवती सुट्या बांधलेल्या. म्हणजे प्रत्येक बेडरूमचं दार हे बाहेरचंच दार झालं. म्हणून बुकिंगआधी दोन गोष्टी मागाव्यात: कुठली खोली कुठे उघडते याचा नकाशा, आणि प्रत्येक दाराचा आतून काढलेला, कडी स्पष्ट दिसेल असा फोटो.

सगळ्यात कच्चं असतं ते काचेचं स्लायडिंग दार. त्याची खिट्टी म्हणजे एक छोटा आकडा. खाऱ्या वाऱ्यानं तो असा गंजतो की अडकलेला दिसतो, पण ओढला की निसटतो. पोचल्या पोचल्या, दिवसाउजेडी, खिट्टी घालून बाहेरून ओढून बघा. मग दोन्ही तळहातांनी दार धरून वर उचला. तळाचं चाक रुळाच्या वर येत असेल तर ते दार बंद आहे असं धरूच नका. सरकणारा भाग आतल्या रुळावर असेल तर मोकळ्या रुळापेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर आखूड असा झाडूचा लाकडी दांडा त्यात आडवा ठेवावा. पडद्याचा स्प्रिंगचा रॉड नको, जोर आला की तो आत दबतो. दांडा दाराच्या सरकण्याला अडसर आहे, उचलण्याला नाही. दार उचललं जात असेल तर त्या खोलीत कुणी झोपू नये, आणि मालकानं त्याच दिवशी माणूस पाठवावा.

न्हाणीघरातल्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडक्याही बघा. प्रत्येक पट्टी ॲल्युमिनियमच्या पातळ चिमट्यांत बसते. चिमटा वाकवला की पट्टी बाहेरून सुटते.

उत्तरवारा

असहमत. दाराला हात लागण्याच्या खूप आधी घर निवडलं गेलेलं असतं. खिट्ट्या तपासणं म्हणजे शेवटची पायरी आधी चढणं.

६ सप्टेंबर २०१७ला पाचव्या श्रेणीचं इर्मा वादळ याच बेटावरून गेलं. काही घरं त्यानंतर वर्षानुवर्षं पडकी राहिली. शेजारी पडकं घर असेल तर येणाऱ्याला दबा धरायला आयती जागा, आणि तुमची हाक ऐकायला कुणी नाही. जाहिरातीतले फोटो हे दाखवत नाहीत, उपग्रह नकाशा दाखवतो. बऱ्याच साइट पैसे भरेपर्यंत नेमकी जागा न दाखवता नुसतं वर्तुळ दाखवतात. पण पूलचा आकार आणि छपराचा कोन यांवरून घर त्या वर्तुळात शोधता येतं. मग चारही बाजूंची घरं बघा: छपरावर ताडपत्री, पूलमध्ये हिरवं पाणी, अंगणात एकही गाडी नाही. अशी दोन घरं लागून असतील तर तो व्हिला सोडा, कड्या कितीही चांगल्या असोत.

आकड्यांबद्दलही सावध राहायला हवं. चाळीस हजार वस्तीच्या भागात वर्षात चार खून झाले तर लाखामागे दर दहा, पुढच्या वर्षी आठ झाले की वीस. एवढ्या लहान संख्येवरून कल काढता येत नाही. अमेरिकी परराष्ट्र खातं प्रवासातल्या धोक्याची १ ते ४ अशी पातळी देतं, तीही मुळात देशाला असते. त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन बेटं मिळून एक देश, म्हणून दोघांना पातळी एकच. पण त्रिनिदादवरच्या पोर्ट ऑफ स्पेनमधल्या टोळ्यांचा धोका आणि टोबॅगोच्या टेकडीवर एकट्या उभ्या असलेल्या व्हिलाचा धोका हे एकच नव्हेत. टोळीवाले तुमच्यापर्यंत येण्याची शक्यता कमी, पण टेकडीवर पोलिसांना पोचायला किती मिनिटं लागतात हे तुम्हाला विचारायलाच हवं.

रातपाळी

दोघांच्या बोलण्यातून माणूस सुटला. जमैकात माँटेगो बे आणि ओचो रिओसच्या बाजूला स्वयंपाकी, घरकामाच्या बाई, माळी असे बरेच व्हिला माणसांसकट मिळतात, आणि अनेक ठिकाणी रात्रीचा राखणदारही असतो. जागं माणूस घरात असणं हे कुठल्याही कडीपेक्षा मोलाचं. मात्र ‘गार्ड आहे’ या दोन शब्दांवर थांबू नये. तो किती वाजता येतो, किती वाजता जातो? फक्त या घरासाठी आहे की चार घरांसाठी? फेऱ्या मारतो की चौकीत बसतो? वायरलेस आहे की स्वतःचा मोबाइल? आणि सुट्टीच्या रात्री बदली कोण येतं? शेवटच्या प्रश्नावर एजंट अडखळला तर नाताळच्या रात्री कुणीच नसणार असं समजा.

अलार्मवर माझा भरवसा कमी आहे. उघड्या दिवाणखान्यात हालचाल टिपणारे सेन्सर उबदार वाऱ्यानं हलणाऱ्या पडद्यानं वाजतात. पहिल्या रात्री तीनदा वाजला की लोक तो कायमचा बंद करून टाकतात. ‘अलार्म वाजल्यावर कोण येतं?’ असं विचारा. पुष्कळदा तो फक्त मॅनेजरला फोन लावतो, आणि मॅनेजर झोपलेला असतो.

कडीकोयंडा

उत्तरवारा, शेजारच्या घरांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण चांगल्या वस्तीतही चोऱ्या होतात, आणि तिथे लोक दारं सताड उघडी टाकून झोपतात. समुद्राचा आवाज हवा म्हणून.

रातपाळी, माणसं आली की किल्ल्याही आल्या. पूलवाला, माळी, सफाईवाल्या बाई, आधीचे पाहुणे. कोडचं कुलूप असेल तर आमच्यासाठी नवा कोड टाका आणि आदल्या पाहुण्यांचा काढून टाका, असं लेखी मागावं. तिजोरीही तपासा. दार उघडं ठेवूनच तुमचा कोड टाका, बोल्ट बाहेर येऊ दे, मग सहा शून्यं दाबून बघा. बोल्ट आत गेला तर कारखान्यातून आलेला मास्टर कोड कुणी बदललेलाच नाही. तिजोरी हातानं हलवूनही बघा. नुसती कपाटात ठेवलेली असेल तर ती चोराच्या सोयीची पेटी आहे.

फोनबद्दल कुणी बोललं नाही. सेंट मार्टिनच्या फ्रेंच बाजूला जाँदार्मरीचा (फ्रेंच पोलिसांचा) नंबर १७, डच बाजूला पोलिसांचा ९११. देशाचे कोडही वेगळे, ५९० आणि १-७२१, त्यामुळे पलीकडे केलेला फोन आंतरराष्ट्रीय धरला जातो. तेर बासला लागूनच डच हद्द आहे, आणि ऑयस्टर पाँडमधून तर सीमा आरपार जाते. तिथे मोबाइल पलीकडचं नेटवर्क पकडतो आणि तातडीचा कॉल भलत्याच यंत्रणेकडे जाऊ शकतो. घरात लँडलाइन फोन चालू आहे का ते बघा, आणि नेटवर्क आपोआप निवडू न देता हातानं निवडा.

पाणीपुरी

वीजही धरा. २०२४ मध्ये डच बाजूला वीजकपात चालू होती. वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की क्लाउडवाले कॅमेरे बंद. जनरेटर आपोआप चालू होतो की माळ्यानं येऊन चालू करायचा, आणि विजेचं फाटक हातानं उघडायची किल्ली कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

धूरआग

इथे सगळे आत येणाऱ्याचा विचार करताय, बाहेर पडणाऱ्याचा कुणीच नाही. हे फार गंभीर आहे. वादळासाठी बसवलेली विजेवरची रोलिंग शटर रात्री चोरांसाठी खाली ओढतात. आग लागून वीज गेली तर ती बटणानं वर जात नाहीत, हँडल फिरवून चढवावी लागतात, आणि हँडल बहुतेक वेळा स्टोअररूममध्ये असतं. मुलं झोपलेल्या खोलीत हँडल नसेल तर तिथलं शटर लावूच नका. खिडक्यांच्या ग्रिलचंही तेच: आतून किल्लीशिवाय उघडणारी हवी, नाहीतर किल्ली शेजारीच टांगलेली हवी, काच फोडून बाहेरच्या हाताला लागणार नाही एवढ्या अंतरावर. आजोबांना अंधारात ती उघडता येते का, हे त्यांच्याकडूनच एकदा करवून घ्या. आणि झाडूचा दांडा काढायचं काम कुणाचं, तेही ठरवा.

माजघर

मूळ प्रस्तावाशीच असहमत. दहा-बारा जणांत वयस्कर माणसं असतील तर व्हिला घेऊच नये. एकाच इमारतीत पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी-शेजारी तीन फ्लॅट घ्या. वाळूकडून थेट येणारं दार नाही, खाली सतत वर्दळ, आणि प्रत्येक फ्लॅटला लावायचं दार एकच.

विम्याचाही विचार करा. पुष्कळ पॉलिसींत फोडून आत शिरल्याची खूण दिसली तरच चोरीचा दावा मान्य होतो. उघड्या दारानं झोपलात तर पासपोर्ट, दागिने, लॅपटॉप सगळं तुमच्या पदरी. पोलिसात तक्रार बहुधा चोवीस तासांत नोंदवावी लागते. फ्रेंच बाजूला ती फ्रेंचमध्ये लिहिली जाईल, भाषांतराला वेळ लागेल, म्हणून प्रत त्याच दिवशी मागून घ्या.

कडीकोयंडा

माजघर, फ्लॅट जास्त सुरक्षित हे खरं. पण तीन फ्लॅटमध्ये विखुरलेलं कुटुंब एकत्र जेवत नाही, आणि लोक व्हिला त्यासाठीच घेतात. मधला मार्ग आहे: सगळ्या बेडरूम एकाच छपराखाली, एका बोळात उघडणाऱ्या, आणि बोळाला स्वतःचं भरीव दार, असा व्हिला शोधा. असे कमी असतात, पण असतात. सुट्या खोल्यांचाच घ्यावा लागला तर किनाऱ्याकडच्या खोल्यांत तरुण जोडपी, आजी-आजोबा स्वयंपाकघराजवळ, मुलं आई-वडिलांच्या खोलीत.

उत्तरवारा

ही मांडणी पटली. तरी क्रमाबद्दल माझं म्हणणं तेच: आधी शेजार, मग नकाशा, मग कड्या. आणि गेल्या दोन वर्षांत या घरात किंवा लागूनच्या घरांत चोरी झाली का, हा प्रश्न साइटच्या मेसेजमधूनच विचारा, फोनवर नको. लेखी ‘नाही’ खोटं निघालं तर पैसे परत मागायला तुमच्या हातात काहीतरी राहतं.